इतर हक्क

शनिवार उतरला की लोदहून शिफ्राचा फोन येतो.
तिचं मराठी तिच्या आजोबाचं, म्हणजे माझ्या दादाचं,
चौसष्ट सालात थांबलेलं.
"मोटार अजून संध्याकाळचीच येते का कराडला?"
आज मात्र तिनं विचारलं,
"आमच्या देशाचं पुढं काय होईल, आजोबा?"

मला काय ठाऊक.
अडतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली,
दगड रोवले, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या.
बांध पणजोबापासून इथंच, असं दोघंही शपथेवर सांगायचे,
आणि दर वेळी त्यातला एक खोटाच असायचा
असंही नाही.

दादा तिथं उतरला तेव्हा त्याला विचारलं गेलं,
तू ज्यू कशावरून?
इथं आम्ही शनवार तेली.
पुरावा कुणी मागितला नव्हता.
मग घर मिळालं. अंगणात लिंबाचं जुनं झाड.
कुणी लावलेलं, ते पत्रात नव्हतं.
लिंबांची साल जाड आहे, एवढंच होतं.

दाजी शेलारचं गाव कोयनेच्या धरणात गेलं.
दुसऱ्या तालुक्यात त्याची जमीन मीच मोजून दिली.
आधीचा मालक चिंचेखाली उभा, टोपी हातात.
दाजी हळूच म्हणाला,
"सायेब, माझं बुडालं हे खरं.
पर ह्यो असा का बघतोय माझ्याकडं?"
मी साखळी गुंडाळत राहिलो.

शिफ्राला म्हटलं, सातबाऱ्यावर एक रकाना असतो,
इतर हक्क.
वहिवाट, कूळ, विहिरीचं पाणी, सगळं तिथं बारीक अक्षरात.
लोक मालकाचं नाव वाचतात आणि कागदाची घडी घालतात.
तू खालपर्यंत वाच.

ती गप्प. मग म्हणाली,
"खातं सामाईक केलं तर त्यात आपण उरू का?"

आपण.
मला धरून म्हणाली की सोडून, कळलं नाही.

संध्याकाळी संगमावर गेलो.
कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येतात,
छातीला छाती लावून, आणि काटकोनात वळतात.
वाटलं, हेच तिला सांगावं.
खिशातून फोन काढलाही.

पण वळणापुढं नाव एकीचंच.
कोयनेला कुणी विचारलं होतं का,
याची आमच्या दप्तरात
नोंद नाही.