परमिट त्यांच्या नावाचं

परमिट त्यांच्या नावाचं होतं.
छातीच्या डॉक्टरांची सही, गोल शिक्का,
महिन्याच्या बाटल्या मोजून.
ते दोन बोटं घेत, जेवणाआधी, औषधासारखी.
उरलेली मी संपवायची
ओट्याशी उभी राहून, स्टीलच्या भांड्यातून,
म्हणजे कुणी आलंच, तर पाणी.

ह्या राज्यात दारू नाही.
म्हणून पिणारेही नाहीत,
आणि पिणाऱ्या बायका तर
दांडिया बाजारात कधी जन्मल्याच नाहीत.

ते गेले मार्गशीर्षात.
परमिट संपलं, तहान नाही.
मग एक मुलगा यायचा जिना न वाजवता,
मेथीच्या जुडीखाली बाटली.
मी त्याला मेथीचेही पैसे द्यायची.
इतकी मेथी आयुष्यात निवडली नव्हती.

नंबर मिळाला सयाजी हॉस्पिटलात,
मनगटाच्या प्लास्टरसाठी रांगेत असताना.
(बाथरूम ओलं होतं. तेवढं खरं.)
खांबावर निळा कागद, घडीवर झिजलेला,
शेवटचा आकडा एक की सात, कळेना.
एक लावला, तो पतंगाच्या दोऱ्याचा कारखाना.
सातवर घोगरा, सावकाश आवाज :
"बोलो बेन. कोना माटे? मिस्टर माटे?"
मी म्हटलं, हो.
गेलेल्या माणसाच्या नावावर
अजून एक गोष्ट उचलली.

तीन गुरुवार त्यांची बायको होऊन बसले.
फत्तेगंजची शाळा, बालवाडीचा वर्ग,
गुडघे हनुवटीला टेकतील अशा खुर्च्या,
भिंतीवर कक्को, कमळापासून पुढे,
आणि त्याखाली नऊ पुरुष.
एक रिक्षावाला, एक बँकेतून निवृत्त झालेला,
फाफड्याच्या दुकानाचा मालक,
एक पोरगेला, पेला दोन्ही हातांनी धरणारा.
प्रत्येकजण आधी नाव सांगे, मग ते,
आपण आडनाव सांगतो तसं.
कुणी दचकत नसे.
पंखा तेवढा दर फेऱ्याला कुरकुरायचा.

मी नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या.
बिचारे.
तिसरं बोट कधी घेतलं नाही त्यांनी.
सगळ्यांच्या माना हलत होत्या,
आणि रतिलालभाई, ते घोगऱ्या आवाजाचे,
माझ्या प्लास्टरकडे बघत होते.
विचारलं काहीच नाही.
जाताना फक्त म्हणाले, पुढच्या वेळी
कप धुवायला थोडं लवकर याल?

चौथ्या गुरुवारी प्लास्टर निघालं होतं.
हात पांढुरका, दुसऱ्या कुणाचा वाटावा असा.
चाळीस वर्षांचं माझं गुजराती
भाजीला पुरतं, बँकेला पुरतं,
कुणाच्या घरी बसायला जायला पुरतं.
ह्याला पुरेना.
म्हणून मराठीत म्हटलं :
मी विद्युल्लता. मी पिते.

"तो पितो" लहानपणापासून ऐकत आले होते,
"पिते" मात्र तोंडात बसवून बघावं लागलं,
नव्या कवळीसारखं.
काय पिते, ते सांगावं लागलं नाही.
हे क्रियापद कर्म नसलं
की एकाच गोष्टीचं असतं.

मराठी येत होतं फक्त बँकवाल्यांना.
ते चष्मा पुसत राहिले.
भाषांतर करा, असं कुणीच म्हणालं नाही.
पोरगेल्याने आपला पेला माझ्याकडे सरकवला,
अर्धा चहा, त्यात बुडून मऊ पडलेलं बिस्किट.

आता मी तिथे विद्युतबेन.
"विद्युतबेन, चा मूको",
जसं काही वीज मंडळातूनच आले आहे.
एकदा दोन गुरुवार चुकवले. का, ते तिथे सांगितलंय.

परवा तो मुलगा आला, जिना न वाजवता.
जुडी घेतली. खालचं परत दिलं.
तो म्हणाला, "खालीच घेऊन जाऊ?"
आणि उंबऱ्यात उभाच राहिला,
मीही दार लावलं नाही लगेच.

मग कागद पसरून
मेथी निवडायला बसले.
शनिवार होता.
गुरुवारला अजून पाच दिवस.