उलटा कालवा

साहेबांनी चित्र पाठवलं:
मध्ये कालवा, वर धरणाची भिंत,
कडेनं कणसं, खाली ‘दीडशे वर्षे’.
एवढं सगळं
बिस्किटाएवढ्या गोलात बसवायचं.

तांबट आळीत ठोके चालूच असतात,
दोन ठोक्यांमधल्या फटीत मी कोरतो.
ठशात सगळं उलटं लागतं,
अक्षरं उलटी, कणसं उलटी
आणि पाणीही.
भिंगाखाली ते हडपसराहून निघतं,
स्वारगेट मागे टाकतं,
पर्वतीला वळसा घालून
खडकवासल्याकडे चढतं.

जनता वसाहतीपाशी हात थांबला.
इथंच आक्काच्या हातून घडा सुटला होता,
आज्यानं ठोकलेला, काठाला पोचा.
ओला परकर सावरत ती काठाकाठानं धावली
पार दांडेकर पुलापर्यंत.
घडा पुढेच.
आईनं मारलं नाही,
तेच तिला जास्त लागलं.

तो आता येतोय माघारी,
डुचमळत, चढावर.
मी पाण्यात एक टिंब जास्त कोरलं.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, थेंब.
सही झाली.

नमुन्याचं पहिलं नाणं पडलं ते कोमट होतं.
सगळं सुलट.
पाणी पुन्हा हडपसरकडे,
टिंब त्याच्या संगती.

आक्कानं चष्मा कपाळावर सारून
नाणं डोळ्याशी नेलं.
“याचं दूध येईल?”
“नाही येणार. जपून ठेवायचं असतं.”
मग नखानं खरवडत म्हणाली,
“इथं काहीतरी अडकलंय रे.”