आठ पूर्णांक सहा

उजवा हात डोक्यामागे घ्या, म्हणते खोंगोरझुल,
आणि हलायचं नाही.
मग दोन बरगड्यांच्या मधे टिचकी बसते.
एक. दोन. अशा दहा.
अरवाइखेरच्या इस्पितळात हे यंत्र वर्षातून दोनदा येतं,
जीपमधून, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून,
आजारी माणसापेक्षा जास्त जपून.

टिचकीची लाट आत शिरते.
मऊ काळजात रेंगाळते,
घट्ट काळजातून सुसाट पळते.
तेवढंच मोजतात.
मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

चाळीस हिवाळे मी मेंढ्यांची आतडी धुतली.
नवरा छातीला चीर द्यायचा, हात घालून शीर तोडायचा,
जमिनीवर थेंब सांडू द्यायचा नाही.
पुढचं सगळं बायकांचं.
काळीज हातात आलं की बोटांना आधी कळायचं:
हे निसरडं, कढत, अंगठा रुतेल असं,
की हे कडेला खरबरीत,
छपरावर वाळवलेल्या दह्याच्या वडीसारखं.
असलं कुत्र्यालाही घालायचं नाही. पुरायचं.

दाम्दिनचं पोट फुगलं
तेव्हा मी वरून हात ठेवला होता.
बोटांना कळलं. तोंडाने म्हटलं,
काही नाही रे, वारा धरलाय.
त्या वर्षी गोळी नव्हती.
म्हणजे होती कुठेतरी, जगात.

कुठून आलं हे, कोण सांगणार?
शाळेच्या वसतिगृहात काचेची एकच पिचकारी,
पत्र्याच्या डब्यात उकळायची, कधी राहून जायची,
आम्ही सव्वीस पोरं बाह्या सारून रांगेत.
दाम्दिन माझ्या पुढे. सुई त्याला, मग मला.
आमच्याकडे सख्ख्याला काळजाचा म्हणतात.

पहिल्यांदा एकोणीस पूर्णांक चार.
खोंगोरझुल पडद्याकडेच बघत राहिली.
रोज एक गोळी. बरं वाटलं तरी सोडायची नाही,
बरं वाटलं की तर मुळीच नाही.
दुसऱ्या वर्षी तेरा.
मी हसले, तर म्हणाली, थांबा,
ही नुसती सूज उतरली. व्रण जागच्या जागी आहे.
विषाणू झोपलाय, गेला नाही.
आणि व्रणावर औषध नाहीच मावशी,
गोळी फक्त मारणाऱ्याचा हात धरते,
उकलायचं ते काळीज आपलं आपण उकलतं,
धागा धागा,
उसंत मिळाली तर.

उसंत मला ठाऊक आहे.
कळप हलवला की तिसऱ्या उन्हाळ्यात
उघड्या मातीवर गवताचं लव येतं.
ट्रकच्या चाकोऱ्या मात्र राहतात,
ज्या ट्रकने त्या पाडल्या
तो भंगारात गेला तरी.

आज आठ पूर्णांक सहा.
सहा वर्षं लागली, दोन हजारांवर गोळ्या,
एक विसरलेली, बर्फात अडकले होते तेव्हा.
सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, ती सुटत नाही.
चाकोऱ्यांत काय उगवेल
याचा भरवसा नसतो, ती म्हणाली नाही,
पण तारीख लिहून दिली.

बाहेर पायरीवर बसून थर्मास उघडला.
तीन तास घोटभर चहा नव्हता पोटात.
आधी डगल्याच्या आत हात घातला,
बरगडीखाली चार बोटं खुपसली, श्वास ओढला,
चाचपलं.
हाताला काहीच लागलं नाही.
बोटं तशीच राहिली थोडा वेळ,
चहावर साय धरली.