रेघ कुठं तोडायची

सावद्याच्या केळी सोसायटीत, अहवालाच्या आदल्या रात्री
चेअरमन भारंबेकाका माझ्या खुर्चीमागं उभे.
"सगळं गोल काढ भो. गोल पाह्यलं का सभासद खूश होते."

गोल मलाही आवडतो, काका.
पण एकाच भाकरीचे तुकडे असतील तरच काढावा.
यंदाचा माल कुठं कुठं गेला,
दिल्ली, कानपूर, थोडा आखातात,
उरलासुरला वेफरवाल्याला:
चार तुकडे, मिळून एक भाकरी. हा घ्या, काढला.

भाव म्हणजे काही भाकरी नव्हे.
भाव चालतो. रमजानला उडी मारतो,
आंबा आला की खाली बसतो.
त्याला रेघ द्यावी, पायाखाली तारखा घालाव्यात.

आणि सात गावांची आवक मोजायची तर खांब,
शेजारीशेजारी, एकाच ओट्यावर उभे.
ओटा शून्याचाच हवा.
तो चाळीसवर उचलला की
चिनावल दिसतं विवऱ्याच्या दुप्पट उंच
आणि सभेत खुर्च्या उडतात.
मागच्या साली उडाल्या होत्या, तुमच्याच सहीनं.

घडाचं वजन सरासरी एकोणीस किलो,
असं तुम्ही भाषणात म्हणणार.
मी एकेक घड त्याच्या त्याच्या खणात टाकला
तर दोन टेकड्या झाल्या:
पिलबागेची तेरापाशी, टिश्यूची पंचवीसवर.
मधल्या दरीत, जिथं एकोणीस लिहिलंय,
तिथं कुणाचाच घड नाही.

काका हसतात. चहा मागवतात.
शेवटचं पान उरलंय, मे महिन्याचं तापमान.
रोज दुपारी दोनला गुलशेर तडवी
पत्र्याच्या शेडमागं जाऊन काच वाचतो
आणि वहीत आकडा लिहितो, थोडा तिरका.
पंचेचाळीस. साडेपंचेचाळीस. सेहेचाळीस.
मग एकवीस, बावीस, तेवीस कोरे.
चोवीसला चव्वेचाळीस, पेन दुसरं.

संगणक विचारत नाही, दोन टोकं दिसली
की सरळ रेघ ओढून मोकळा होतो.
काकाही तेच म्हणतात, "जोडून टाक, वाईट दिसते."

जोडली तर छान उतार दिसेल.
कुणालाही वाटेल, त्या तीन दिवसांत
ऊन जरा जरा निवत गेलं.
गुलशेरभाऊ तेव्हा जळगावच्या सिव्हिलमध्ये
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून होते.
तिथं किती डिग्री होतं
ते कुठल्याच वहीत नाही.

मी रेघ सेहेचाळीसवर सोडली,
तीन घरं पांढरी ठेवली,
पुन्हा चव्वेचाळीसवर उचलली.

काका वाकतात. पांढऱ्यावर बोट ठेवतात.
"एकवीस, बावीस, तेवीस," मोजतात.
"त्याची पोरगी?"
मी मान हलवतो.

पंखा फिरत राहतो. बाहेर फाटकाशी
बॅटरीचा उजेड एकदा भिंतीवर येतो, जातो.

"छाप मग," काका म्हणतात.
"पण ती भावाची रेघ जरा जाड कर भो.
मागच्या रांगेले दिसत नाही."