खुराड्यावरचं तांबं

आत या. बूट राहू द्या,
नदीकाठचा चिखल इथे सगळ्यांच्याच घरात असतो.
या उन्हाळ्यातले तुम्ही तिसरे.
पहिला पाणबुड्याचा पोशाख घेऊन आला होता,
दुसऱ्याने आमचा माळा झाडून दिला, फुकट.

हो, आई होती तिथे. ओटिली क्राउझे, प्रेस नंबर चार.
कारखाना मुळात खुर्च्यांचा.
खुर्च्यांनंतर फोनोग्राफची कपाटं,
आणि कपाटं खपावीत म्हणून तबकड्या,
बादलीबरोबर दोरी द्यावी तशा.

लाख, माती, काजळी.
लाख म्हणजे किड्यांनी गाळलेला चीक, फोरमन सांगायचा,
कुठल्याशा उष्ण देशातल्या झाडांवरचा.
आई गरम गोळा साच्यावर ठेवायची,
वरून दुसरा साचा, मग वाफ, मग पाणी,
आणि निघायचं एक गाणं
धिरड्यासारखं, कडेला झालर असलेलं.
दिवसाला सहाशे.
एकही तिने ऐकलं नाही.

आमच्या गावात ती विकत नसत.
गाणारे दक्षिणेतून इकडे यायचे,
गाणी इकडून दक्षिणेत जायची, खोक्यात, गवत भरून,
आणि मध्ये आमचं गाव
नळासारखं,
सगळं आतून गेलं, मुक्कामाला काही राहिलं नाही.

लुव्हेनिया पेटवे?
नका दाखवू लिहून. पाठ आहे मला.
फेब्रुवारी होता. दोन खाणावळींनी दार लावून घेतलं तिच्या तोंडावर,
रात्र काढली स्टेशनच्या बाकावर.
सकाळी प्रेसच्या उबेला येऊन उभी राहिली,
गिटार कोटाच्या आत, पोर धरावं तशी,
आणि बुटांतून पाणी.
आईने घरचं जर्मन वर्तमानपत्र फाडलं,
चुरगळलं, तिच्या बुटांत कोंबलं, अंगठ्यापर्यंत.
बोलणं काही नाही.
आईला इंग्रजी कामापुरतं,
आणि त्या दिवशी ते काम नव्हतं.
मग ती वर गेली. दोन गाणी, चाळीस डॉलर.

कारखाना बंद झाला नाताळच्या चार दिवस आधी.
पाकिटात पगार नव्हता, चिठ्ठी होती.
पुरुष छपरावर चढले आणि तबकड्या भिरकावल्या नदीवर.
नदी गोठलेली. तबकड्या घसरत गेल्या
आणि एप्रिलपर्यंत तिथेच पडून राहिल्या, काळ्या,
मग एका रात्री बर्फ फुटला.
आईने पगाराच्या बदल्यात साचे उचलले. एप्रनमध्ये, अकरा.
बापाने ते खुराड्यावर ठोकले,
एकेकाला चार चार खिळे.

साचा उलटा असतो, ठाऊक असेल तुम्हाला.
खाच हवी तिथे उंचवटा,
आरशातल्या अक्षरासारखा.
सुई चालत नाही त्यावर.
गारा चालतात.

एकतीस वर्षं कोंबडं झाकलं आम्ही त्या तांब्याखाली.
तांबडं फुटायचं काही थांबलं नाही.
आता समुद्रापलीकडची पोरं तीच चाल वाजवतात,
रेडिओवर मुली किंचाळतात,
आणि तुम्ही भिंग घेऊन माझ्या दारात,
लाखेच्या एका तबकडीला लाखमोलाची म्हणत.

टेप आणलीय ना? वाजवा.

कुरकुर?
जुन्या तबकडीची, म्हणता. यंत्रावर पुसता येईल, म्हणता.
थांबा. मागे घ्या.
अजून एकदा.
ती पाय आपटते ना, तिथे ऐका.
पाय थांबला की कुरकुर थांबते.
खरखर अशी तालात येत नाही, साहेब.

तो कागद आहे.
आमच्या घरचा, त्या आठवड्याचा.
गव्हाचे भाव असतील त्यात,
कुणाच्या तरी साखरपुड्याची चार ओळींची बातमी.

साचे हवेत तर मागच्या दाराने जा.
खिळे हळू काढा,
करडी अंड्यांवर बसलीय.