दहावा सूर्य

मजकूर पुण्याहून आला, पाकिटात अकरा पानं.
फार पूर्वी चीनमध्ये आकाशात दहा सूर्य होते.
समासात सूचना: चित्र दोन्ही पानांवर पसरेल.

मे महिना. फैजपूर.
कूलरचं पाणी तासाभरात आटतं,
वाटीतून कागदापर्यंत येईतो
ब्रशवरचा पिवळा सुकून जातो.
दहांची कल्पना करायला
मला फार लांब जावं लागलं नाही.

पूर्वेचा समुद्र मात्र पाहिलेला नाही.
हतनूरच्या धरणाचं पाणी काढलं आणि
पलीकडचा काठ खोडरबराने पुसून टाकला.
समुद्रातल्या तुतीवर सूर्य रात्री झोपतात म्हणे,
एकेकाच्या पोटात तीन पायांचा एकेक कावळा.
तुती आमच्या परसातल्या निंबासारखी उतरली.
कावळ्याचा तिसरा पाय कुठे लावावा
यात अख्खा बुधवार गेला.

शेतं करपली, एवढंच मजकुरात आहे.
कसली, ते नाही.
मी केळीची काढली.
केळीचं पान आधी कडेने जळतं,
मग मधल्या शिरेशी येऊन थांबतं,
विचारात पडल्यासारखं.

धनुर्धर तीनदा फाडला.
चौथा गुमान बारेलाला दाखवला,
तो पालकडून येतो, गाडीत घड चढवायला.
म्हणाला, अंगठा काढ.
का, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
स्वतःची दोन बोटं हवेतल्या दोरीवर ठेवून दाखवली,
खांदा किती मागे जातो तेही.
मग म्हणाला, मारतोय कोणाला?
सूर्याला.
त्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं,
जरा वेळ मोजत राहिला.
लांब आहे, म्हणाला,
आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीकडे गेला.

नऊ पडले. नऊ ठिकाणी पिसं पडली.
दहाव्या वेळी त्याने भात्यात हात घातला
तर भाता रिकामा.
कोणीतरी शेवटचा बाण हळूच काढून घेतला होता.
कोणीतरी!
लिहिणाऱ्याचं ठीक आहे,
चित्रात कोणीतरी कसं काढतात?
राजाचा शिपाई काढला, तो चोरासारखा दिसेना.
म्हातारा काढला, तो फारच शहाणा दिसायला लागला.

कंटाळून गच्चीवर गेले.
भर दुपारी कौतिकाबाई डोक्याला ओला पंचा बांधून
उडदाचे पापड उलटत होत्या,
खाटेवर, साडीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा.
त्यांना गोष्ट सांगितली.
नवव्या सूर्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत,
नुसत्या उलटत राहिल्या.
दहाव्याला बाण लागणार म्हणताच
उकिडव्या होत्या तशाच ताठ झाल्या:
"अन मंग पापड काय त्याच्या बापाच्या चुलीवर वाळवू?"

रात्री वीज नव्हती, टॉर्च दातात धरून काढलं.
भात्यामागे फक्त एक हात.
बांगड्या वर सारलेल्या, बोटांना पीठ,
बाणाच्या काडीवरही थोडं लागलेलं.
बाई चिनी आहे की इकडची
हे मनगटापर्यंत कळत नाही.

दहाव्या सूर्यासाठी कंपास सापडेना.
त्यांनी दिलेल्यातला एक पापड कागदावर ठेवला
आणि कडेने पेन्सिल फिरवली.

परवा छापखान्यातून फोन आला:
ताई, बाकीचे नऊ बरोबर आहेत,
दहावा नीट गोल नाही, एका बाजूला जरा दबलाय.
आणि मध्ये तेलाचा डाग दिसतोय. काढून टाकू का?
म्हटलं, राहू द्या.