चार सेकंद

मातोझिन्योशच्या कारखान्यात सार्डिनचा वास
भिंतींनी चुन्यासारखा धरून ठेवलेला.
मी स्टॉपवॉच घेऊन देओलिंदाच्या मागे:
उचल, मुंडी, शेपूट, डबा. अकरा सेकंद.
आणि मधूनच, कुणास ठाऊक का,
हात थबकायचा. मासा नाकाशी. चार सेकंद.

तक्त्यात त्या चारांपुढे मी लाल शाईनं
'वाया' लिहिलं.

मग कारखान्याच्या नकाशावर दोरा लावत गेलो,
मिठाच्या टेबलापासून वाफेच्या भट्टीपर्यंत
बायकांचं दिवसभराचं चालणं:
ताटात सांडलेल्या शेवया.
टेबल नऊ मीटर सरकवलं, गुंता सुटला.
मालक तेल ओतल्यासारखा हसला.
त्याच बैठकीत म्हणालो,
ते थबकणंही बंद करू.

केलं.

तिसऱ्या आठवड्यात ब्रागाहून अठरा पेट्या परत.
सोबत चिठ्ठी, दोनच शब्दांची: मासा उतरलेला.

रात्री गणित पुन्हा मांडलं.
चलं तपासली, मर्यादा तपासल्या,
उत्तर दशांशापर्यंत बरोबर होतं.
प्रश्नात नाक नव्हतं.

सकाळी देओलिंदा रागावली नाही, हे जास्त लागलं.
पाटीतले दोन मासे माझ्यापुढे धरले,
"सांग, यातला कालचा कुठला?"
मी हुंगले. पुन्हा हुंगले.
दोन्ही मला समुद्रच वाटले.
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

आता ती थबकते.
तक्त्यात 'वाया' खोडलंय,
रकान्याला नाव अजून सुचलेलं नाही.
मालक दर सोमवारी विचारतो,
हे चार सेकंद कुठल्या खात्यात?